प्राथमिक शाळेतील मराठी भाषेचा वर्गपाठ व गृहपाठ

वर्गपाठ व गृहपाठ ही प्राथमिक शाळेतील भाषाशिक्षणाची दोन परस्परपूरक अंगे होत. शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्गात केलेल्या लेखन-वाचनास वर्गपाठ म्हणतात. शाळेत शिकलेल्या घटकाच्या सरावासाठी किंवा पुढील घटकाच्या तयारीसाठी विद्यार्थ्याने घरी करावयाच्या कामास गृहपाठ म्हणतात. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत या दोन्हींचे नियोजन साधारणतः आठवड्याच्या हिशेबाने केले जाते. सोमवारी सुरू केलेला पाठ किंवा कविता शनिवारपर्यंत श्रवण, भाषण, वाचन व लेखन या चार कौशल्यांतून फिरवून पूर्ण करावी, अशी त्यामागील कल्पना असते.

वर्गपाठाची जबाबदारी शाळेकडे असते. गृहपाठ मात्र घरातील परिस्थितीवर अवलंबून राहतो. त्यामुळे गृहपाठ कोणता व किती द्यावा, हा प्रश्न अध्यापनपद्धतीइतकाच सामाजिकही आहे. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातील तलवाडा व त्याच्या परिसरासारख्या ग्रामीण भागात, जेथून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी वर्षातील काही महिने स्थलांतर करतात, तेथे हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो.

## संज्ञा

शालेय व्यवहारात या विषयाशी निगडित अनेक संज्ञा रूढ आहेत. पाठाच्या शेवटी दिलेल्या प्रश्नांना व कृतींना *स्वाध्याय* म्हणतात. तो वर्गात किंवा घरी सोडविता येतो. समोरील मजकूर पाहून तसाच लिहिणे म्हणजे *अनुलेखन* आणि ऐकून लिहिणे म्हणजे *श्रुतलेखन*. *शुद्धलेखन* या शब्दाचा मूळ अर्थ नियमानुसार निर्दोष लेखन असा आहे. परंतु शाळकरी बोलण्यात 'शुद्धलेखन काढणे' म्हणजे पुस्तकातील उतारा रोज पानभर सुवाच्य अक्षरात उतरवून काढणे, असाच अर्थ घेतला जातो. मोठ्याने केलेल्या वाचनास *प्रकट वाचन* व मनातल्या मनात केलेल्या वाचनास *मूकवाचन* म्हणतात. शिक्षक अध्यापनापूर्वी जी लेखी तयारी करतो तिला *पाठ टाचण* म्हणतात. आठवड्याचा वर्गपाठ व गृहपाठ यांची आखणी बहुधा या टाचणातच असते.

## इतिहास

एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत. पुढे दगडी पाटी व पेन्सिल आली. पाटीवरील मजकूर पुसून टाकावा लागत असल्याने लेखी काम टिकून राहत नसे आणि घरी करावयाच्या अभ्यासात पाढे, परवचा, कविता व श्लोक यांच्या पाठांतराचा वाटा मोठा असे. स्वस्त कागद व वह्या यांचा प्रसार झाल्यावरच रोज लिहावयाचा आणि दुसऱ्या दिवशी तपासावयाचा गृहपाठ सार्वत्रिक होऊ शकला.

बीड जिल्हा हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानाची राजभाषा उर्दू होती, तसेच १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचे भारतीय संघराज्यात विलीनीकरण झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा घटक बनला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. त्यामुळे मराठवाड्यातील बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांत मराठी लेखन-वाचनाची शालेय परंपरा फार पिढ्यांची नाही. घरी अभ्यास घेणारी व्यक्ती असेलच असे गृहीत धरता येत नाही, याचे एक कारण या इतिहासात आहे.

१९६७ मध्ये पुणे येथे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच बालभारतीची, स्थापना झाली. त्यामुळे राज्यभरातील मराठी माध्यमाच्या शाळांना भाषेचे समान पाठ्यपुस्तक मिळाले आणि स्वाध्यायांचे स्वरूपही बव्हंशी समान झाले. १९७१ पासून मंडळाने *किशोर* हे मासिक सुरू करून पाठ्यपुस्तकाबाहेरील वाचनाचीही सोय केली. लेखनाच्या बाबतीत मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले व १९६२ मध्ये शासनाने स्वीकारलेले १४ नियम, तसेच १९७२ मध्ये त्यांत भर घातलेले ४ नियम, असे एकूण १८ नियम शाळांत प्रमाण मानले जातात.

## आठवड्याची रचना

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार इयत्ता १ ली ते ५ वीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापनाचे तास आवश्यक आहेत. शिक्षकाने आठवड्याला, तयारीचा वेळ धरून, किमान ४५ तास काम करणे अपेक्षित आहे. वह्यांची तपासणी व पुढील आठवड्याचे टाचण ही कामे या तयारीच्या वेळेतच येतात.

पाठ्यपुस्तकातील एका पाठासाठी आठवड्याची विभागणी कशी करता येते, याचा इयत्ता ३ रीसाठीचा एक नमुना पुढीलप्रमाणे देता येईल. प्रत्यक्षात शाळा व शिक्षक यांनुसार त्यात बदल होतो.

* सोमवार : चित्रावरून गप्पा, शिक्षकाचे आदर्श वाचन, नवे शब्द फळ्यावर. गृहपाठ : पाठातील गोष्ट घरी कोणाला तरी सांगणे.
* मंगळवार : गटात प्रकट वाचन, अडलेल्या शब्दांचे पुन्हा वाचन. गृहपाठ : पाठातील पाच शब्द घेऊन प्रत्येकी एक वाक्य तयार करणे.
* बुधवार : जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार यांचा सराव, अनुलेखन. गृहपाठ : पाच ओळी सुवाच्य अक्षरात लिहिणे.
* गुरुवार : स्वाध्यायातील प्रश्नांची प्रथम तोंडी व मग लेखी उत्तरे. गृहपाठ : घरातील मोठ्या माणसाकडून एक म्हण, उखाणा किंवा कोडे विचारून आणणे.
* शुक्रवार : श्रुतलेखन, जोडीदाराची वही तपासणे, चुकलेल्या शब्दांची दुरुस्ती. गृहपाठ : चुकलेले शब्द वाक्यात वापरणे.
* शनिवार : सकाळची शाळा, कवितागायन, गोष्ट सांगणे, नाट्यीकरण, वाचनपेटीतील पुस्तकांचे वाचन.

या आठवड्याच्या आधीच रोज सकाळी *परिपाठ* होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या व बोधकथा असे त्याचे घटक असतात. विद्यार्थी आळीपाळीने ते सादर करीत असल्याने परिपाठ हा भाषणकौशल्याचा नित्य सरावच ठरतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने इयत्ता १ ली ते ८ वीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम लागू केला. त्यामुळे शनिवारी कृती, खेळ व कला यांना अधिक वाव मिळाला.

लहान गावांत व वस्त्यांवर अनेक शाळा द्विशिक्षकी आहेत. वरील अधिनियमानुसार प्राथमिक स्तरावर ६० पर्यंत पटसंख्येसाठी दोन शिक्षक देय असतात. अशा शाळेत एका शिक्षकाला एकाच वेळी दोन-तीन इयत्ता शिकवाव्या लागतात. एका इयत्तेला शिकवीत असताना दुसरीला लेखी काम द्यावे लागते. त्यामुळे बहुवर्ग अध्यापनात वर्गपाठ हे वर्ग चालविण्याचे साधनही बनते. अशा वेळी केवळ उतारा उतरवून काढण्यास न सांगता, मुलांना आपापसांत करता येतील अशी वाचनकार्डे, शब्दपट्ट्या व गटकार्ये दिल्यास तो वेळ सार्थकी लागतो.

## वर्गपाठाचे प्रकार

इयत्ता १ ली व २ रीत अक्षरओळख, शब्दवाचन व हस्ताक्षर यांवर भर असतो. वर्णमालेच्या परंपरागत क्रमाऐवजी आकाराने जवळची व शब्द बनविण्यास सोपी असलेली अक्षरे आधी शिकविण्याची पद्धत मराठी शाळांत रुळली आहे. 'गमभन' हा शब्द त्यातूनच प्राथमिक शिक्षणाचा पर्याय म्हणून रूढ झाला. लेखनासाठी दुरेघी वही वापरतात; अक्षर स्थिरावल्यावर एकरेघी वही येते. अक्षरांची वळणे शिकविताना शिक्षकाने वर्गात फिरून मुलाचा हात कोठून कोठे जातो हे पाहणे आवश्यक असते. चुकीच्या वळणाने पानभर गिरविलेले अक्षर पुढे सुधारणे कठीण जाते. या कारणाने अक्षरलेखनाचा पहिला सराव घरी न देता वर्गातच करून घेणे योग्य मानले जाते.

इयत्ता ३ री ते ५ वीत उताऱ्याचे आकलन, प्रश्नोत्तरे, समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, लिंग-वचन, विरामचिन्हे, चित्रवर्णन, अनुभवलेखन, पत्र व लहान निबंध हे प्रकार येतात. या टप्प्यावर वर्गपाठातील एक दोष वारंवार आढळतो : फळ्यावर लिहिलेली उत्तरे सर्व मुले जशीच्या तशी उतरवून घेतात. सर्व वह्या सारख्या व निर्दोष दिसतात, परंतु मुलाला स्वतः वाक्य रचता येते की नाही हे त्यांवरून कळत नाही. याउलट चुका असलेले पण मुलाने स्वतः लिहिलेले चार ओळींचे लेखन शिक्षकाला पुढील आठवड्याची दिशा देते.

## गृहपाठाचे प्रकार

भाषेच्या गृहपाठाचे हेतूनुसार तीन प्रकार करता येतात.

सरावाचा गृहपाठ. शुद्धलेखन, वाचनाचा सराव, कवितापाठांतर व शब्दांची वाक्ये हे या प्रकारात मोडतात. वर्गात पक्के झालेले कौशल्य त्यामुळे सफाईदार होते. वर्गात न समजलेली गोष्ट मात्र केवळ सरावाने समजत नाही.

तयारीचा गृहपाठ. पुढील पाठासाठी शब्द, वस्तू किंवा माहिती गोळा करून आणणे हा दुसरा प्रकार होय. बाजाराचा पाठ असल्यास आठवडी बाजारातील दहा वस्तूंची नावे आणणे, हे त्याचे साधे उदाहरण आहे.

संवादाचा गृहपाठ. आजी-आजोबांकडून गोष्ट, ओवी, म्हण किंवा गावाविषयीची आख्यायिका ऐकून ती वर्गात सांगणे हा तिसरा प्रकार होय. तलवाडा येथील त्वरितादेवीचे मंदिर, गावची जत्रा, नदीकाठचा पूर, कापसाची वेचणी असे विषय परिसरातील मुलांना सहज उपलब्ध असतात. अशा कामासाठी पालक साक्षर असण्याची गरज नसते; ते बोलके असले म्हणजे पुरते. लिहिण्याचा भाग दुसऱ्या दिवशी वर्गात, शिक्षकाच्या मदतीने पूर्ण होतो.

पहिल्या दोन प्रकारांत घरातील साक्षर व्यक्ती, शांत जागा, उजेड व मोकळा वेळ यांची कमी-अधिक गरज असते. तिसऱ्या प्रकारात ती सर्वांत कमी असते. निरक्षर पालकांच्या मुलांसाठी गृहपाठाची निवड करताना हा फरक निर्णायक ठरतो.

## बोली व प्रमाणभाषा

मराठवाड्यातील मुले शाळेत येताना आपली बोली घेऊन येतात. 'का' या अर्थी *कामून*, 'केव्हा' या अर्थी *कव्हा* असे शब्द त्यांच्या तोंडी असतात. पाठ्यपुस्तकाची भाषा प्रमाण मराठी असते. वहीत लिहिलेले बोलीतील रूप लाल शाईने केवळ 'चूक' म्हणून खोडल्यास मूल कमी लिहू लागते व सुरक्षित, पाठ केलेल्या वाक्यांकडे वळते. त्याऐवजी 'घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' अशी दोन रूपांची जोडी लावून देण्याची पद्धत अनेक शिक्षक वापरतात. संवादाच्या गृहपाठातून आलेले बोलीतील शब्द फळ्याच्या एका बाजूस व त्यांची प्रमाण रूपे दुसऱ्या बाजूस लिहिणे, हा त्याचा एक सोपा वर्गपाठ आहे.

## तपासणी व मूल्यमापन

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू आहे. तिचे आकारिक व संकलित असे दोन भाग आहेत. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार त्यांचा भार पुढीलप्रमाणे ठरविण्यात आला :

* इयत्ता १ ली व २ री : आकारिक ७० टक्के, संकलित ३० टक्के
* इयत्ता ३ री व ४ थी : आकारिक ६० टक्के, संकलित ४० टक्के
* इयत्ता ५ वी व ६ वी : आकारिक ५० टक्के, संकलित ५० टक्के
* इयत्ता ७ वी व ८ वी : आकारिक ४० टक्के, संकलित ६० टक्के

आकारिक मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी आणि स्वाध्याय व वर्गकार्य यांचा समावेश होतो. म्हणजेच आठवड्याचे लेखी व तोंडी काम हे थेट प्रगतिपत्रकाशी जोडलेले असते. शिक्षकाने गुणांबरोबर *वर्णनात्मक नोंदी* करणे अपेक्षित असते. 'वाचन चांगले' या शेऱ्यापेक्षा 'जोडाक्षरे नसलेला उतारा अर्थासह वाचतो. जोडाक्षरांजवळ थांबतो' ही नोंद मुलाला व पालकांना अधिक उपयोगी पडते.

गृहपाठ न आणल्याबद्दल छडी मारणे, उभे करणे किंवा अपमान करणे ही जुन्या शाळांतील सर्वपरिचित गोष्ट होती. २००९ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींस बंदी घातली आहे.

## प्रमाणाविषयीची धोरणे

प्राथमिक स्तरावर गृहपाठ किती असावा, याविषयी राष्ट्रीय पातळीवर वेळोवेळी शिफारशी झाल्या आहेत. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मधील 'ओझ्याविना शिक्षण' या आशयाच्या अहवालात, प्राथमिक वर्गांत घरच्या परिसराचा शोध घेण्याच्या कामाव्यतिरिक्त गृहपाठ देऊ नये, असे सुचविले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार इयत्ता २ रीपर्यंत गृहपाठ नसावा व ३ रीपासून तो आठवड्याला दोन तासांचा असावा. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणातही इयत्ता २ रीपर्यंत गृहपाठ नाही व ३ री ते ५ वीसाठी आठवड्याला कमाल दोन तास, ही मर्यादा कायम ठेवली आहे. सहा दिवसांच्या शाळेत ही मर्यादा दिवसाला सरासरी वीस मिनिटे होते, आणि त्यात सर्व विषय येतात. रोज पानभर शुद्धलेखनाची जुनी प्रथा या हिशेबात बसत नाही.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने वाचनाची ठोस उद्दिष्टे ठरविली. इयत्ता २ रीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द व ३ रीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे त्यांत नमूद आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून इयत्ता २ री ते ८ वीच्या पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने देण्याचा प्रयोग झाला. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्याचा हेतू होता. परंतु मुले वेगळ्या वह्या वापरतच राहिल्याने २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला.

## स्थलांतर आणि खंडित होणारा आठवडा

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात व मजुरीचा हिशेब या जोडीवरच होतो. मुलांना मागे सांभाळणारे कोणी नसल्यास ती बरोबर जातात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने या मुलांचा दुसऱ्या सत्राचा मोठा भाग बुडतो.

भाषेच्या दृष्टीने या खंडाचा परिणाम गंभीर असतो. जूनपासून अक्षरे शिकलेले पहिलीतील मूल जोडाक्षरांच्या उंबरठ्यावर असताना शाळा सोडते. परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो आणि आधीचे शिकलेलेही सरावाअभावी विसरलेले असते. कोपीवरील मुलांना धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी आणणे, वाढे गोळा करणे अशी कामे असतात. अशा ठिकाणी लेखी गृहपाठाची अपेक्षा अवास्तव ठरते.

यावर तीन प्रकारचे उपाय झाले आहेत. पहिला, कारखान्यांच्या परिसरात चालविलेल्या *साखर शाळा*. दुसरा, मुलांना गावातच ठेवण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालविली जाणारी *हंगामी वसतिगृहे*. यांत मुले आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात व त्यांच्या जेवणाची सोय केली जाते. तिसरा, स्थलांतरित मुलास दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळावा व त्याची प्रगती तेथील शिक्षकास कळावी म्हणून दिले जाणारे *शिक्षण हमी पत्रक*. हंगामी वसतिगृहामुळे गृहपाठाला निदान एक जागा मिळते. सायंकाळी एकत्र आलेली मुले एकमेकांना वाचून दाखवू शकतात. शिक्षण हमी पत्रकावर मुलाची वाचनपातळी नेमकी नोंदविली असल्यास नव्या शाळेत पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागत नाही.

परतलेल्या मुलांकडे शब्दांची उणीव नसते. मोळी, वाढे, कोपी, फड, टायर, पाळी असे कामाचे शब्द व त्यांमागील अनुभव त्यांच्याजवळ असतात. अनुभवलेखनाचा वर्गपाठ या शब्दांपासून सुरू केल्यास मुलाला लिहिण्यासारखे काही सापडते आणि वर्गातील इतरांनाही ते नवे असते.

## टाळेबंदीतील अनुभव

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे शाळा बंद झाल्या आणि काही काळ संपूर्ण शिक्षणच गृहपाठ बनले. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारित 'टिलीमिली' ही मालिका प्रसारित झाली. त्याच वर्षी व्हॉट्सॲपद्वारे दर आठवड्याला प्रश्न पाठविणारी 'स्वाध्याय' योजना व दर आठवड्याला एक गोष्ट देणारा 'गोष्टींचा शनिवार' हे उपक्रम सुरू झाले. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, किंवा असलेला फोन दिवसभर वडिलांबरोबर शेतात असे, तेथील मुलांपर्यंत हे काम पोहोचणे कठीण होते. काही गावांत शिक्षकांनी पारावर, मंदिरात किंवा अंगणात लहान गट करून अभ्यास घेतला. जुलै २०२१ मध्ये राज्याने मागील इयत्तेच्या उजळणीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबविला.

२०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता गट तयार करण्यात आले. दर आठवड्याला कृतिपत्रिकेवरून आईने मुलाबरोबर घरी करावयाच्या छोट्या कृती त्यांत दिलेल्या होत्या. वहीऐवजी घरातील वस्तू, गप्पा व खेळ यांचा वापर करणारा हा साप्ताहिक गृहपाठच होता.

## मतमतांतरे

गृहपाठाचे समर्थक त्यामुळे नियमितपणा, स्वावलंबन व हस्ताक्षराचा सराव होतो असे मानतात. वहीमुळे शाळेत काय चालले आहे हे पालकांना कळते, हाही मुद्दा मांडला जातो. अनेक पालक भरगच्च गृहपाठ हे चांगल्या शाळेचे लक्षण समजतात; गृहपाठ कमी दिल्यास मुलांना खासगी शिकवणीस पाठविण्याकडे त्यांचा कल होतो. विरोधकांच्या मते लहान वयातील लेखी गृहपाठ खेळ व झोप यांचा वेळ घेतो आणि शिकलेल्या व न शिकलेल्या घरांतील मुलांमधील अंतर वाढवितो.

या दोन भूमिकांचा मेळ घालताना लेखन व नवे आकलन यांचा भार वर्गपाठाने उचलावा, आणि घरी बोलणे, ऐकणे, वाचून दाखविणे व विचारून आणणे अशी कामे द्यावीत, असा मध्यम मार्ग सुचविला जातो. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय शिफारशींची दिशाही हीच आहे. मुलाचे पालक निरक्षर असोत वा कारखान्यावर गेलेले असोत, शाळेत मिळणारा वेळ हाच त्याच्या लेखन-वाचनाचा मुख्य आधार असतो. म्हणून आठवड्याच्या नियोजनात गृहपाठाचे प्रमाण ठरविण्यापूर्वी वर्गपाठ पुरेसा व अर्थपूर्ण झाला आहे किंवा नाही, हे पाहणे महत्त्वाचे मानले जाते.